मेंढरे वळणारा कुत्रा आणि अंगणात पळणारी मुले

शाळा सुटल्यावर तीन-चार लहान मुले अंगणात पकडापकडी खेळू लागतात. गुरांच्या कोठ्याच्या सावलीत पडलेला कुत्रा डोळे उघडतो, उठतो, मान खांद्यांच्या खाली आणतो आणि पोट जमिनीला लागेल इतका वाकून दोन पावले टाकून थबकतो. तो भुंकत नाही, शेपूट हलवत नाही; त्याची नजर सर्वांत पुढे पळणाऱ्या मुलावर खिळलेली असते. ते मूल तुळशीवृंदावनाला वळसा घालून फाटकाकडे धावले की कुत्रा तिरका पळत जाऊन त्याच्या आणि फाटकाच्या मध्ये उभा राहतो, आणि तरीही मूल थांबले नाही तर त्याच्या टाचेला दातांचा ओझरता चिमटा घेतो. मूल किंचाळून पडते, घरातून कोणीतरी काठी घेऊन धावत येते, आणि दिवेलागणीपर्यंत गावभर होते की यांचा कुत्रा पोरांना चावतो.

आमच्या घरी हे अगदी असेच घडले होते. कुत्रा दोन वर्षांचा, पिल्लू असताना एका मेंढपाळाच्या बिऱ्हाडातून आणलेला. कापसाचा हंगाम संपून उलंगवाडी झाल्यावर लेंडीखतासाठी आमच्या वावरात मेंढरे बसवायला तेच मेंढपाळ पुन्हा आले, तेव्हा मी त्यांच्याकडे तक्रार केली. म्हाताऱ्या बाबांनी पोराची टाच हातात घेऊन पाहिली. रक्त नव्हते, दोन लालसर ठिपके होते. ते म्हणाले, "चावत नाही जी तो, वळवते. पोट्टं कळपातून फुटलं असं वाटते त्याले." पुढे वर्षभर जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, त्यातला बराच भाग म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. त्याची शिकार एका ठरावीक साखळीने चालते: सावज हेरणे, त्यावर नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार करणे आणि फाडून खाणे. माणसाने हजारो वर्षे कुत्री निवडून वाढवताना ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी तोडली. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी ही मांडणी तपशिलाने केली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात वाढलेल्या बॉर्डर कॉली या जातीमध्ये नजर रोखणे, दबकणे आणि पाठलाग या पहिल्या कड्या अतिशय ठळक झाल्या, तर ठार करण्याची कडी गळून पडली. ऑस्ट्रेलियात गुरे हाकण्यासाठी तयार झालेल्या कुत्र्यांमध्ये पकडण्याची कडीही थोडी शिल्लक ठेवली गेली, कारण अडून बसलेला बैल नुसत्या नजरेने हलत नाही. त्याच्या टाचेला चिमटा घ्यावा लागतो. म्हणजे अंगणात पळणाऱ्या मुलाच्या मागे धावणारा कुत्रा रागावलेला नसतो आणि भुकेलाही नसतो. त्याच्या दृष्टीने कळपातले एक लहान, वेगाने पळणारे, किंचाळणारे काहीतरी बाहेर निसटत असते, आणि ते आत आणणे हे त्याचे काम असते.

विदर्भात हे सरसकट लागू करता येत नाही, कारण आपल्याकडे कळपासोबत दोन वेगळ्या स्वभावांची कुत्री असतात. मराठीत त्यासाठी दोन चांगली क्रियापदे आहेत: वळणे आणि राखणे. धनगरांच्या, गडचिरोली-चंद्रपूरकडील कुरमारांच्या किंवा कच्छहून येऊन पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात फिरणाऱ्या रबारींच्या कळपासोबत दिसणारी बहुतेक कुत्री प्रामुख्याने राखणारी असतात. ती रात्री लांडगा किंवा बिबट आला की उठतात, दिवसा मात्र मेंढरांमध्ये पडून राहतात आणि पळत्या कोकराकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अशा कुत्र्याकडून घरच्या मुलांना सहसा त्रास होत नाही. त्याचा प्रश्न अंधारात अचानक आलेल्या परक्याचा असतो. पण याच गावठी कुत्र्यांमध्ये एखादे असे निघते की जे लहानपणापासून मेंढरांच्या कडेकडेने धावते आणि फुटलेल्या मेंढीला परत आणते. आमचा त्यातला निघाला. हा लेख वळणाऱ्या कुत्र्याविषयी आहे.

त्याच वर्गात आणखी एक कुत्रा येतो, ज्याला आपण या वर्गात धरतच नाही. आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणतात तो जर्मन शेफर्ड हा मुळात मेंढपाळाचाच कुत्रा आहे. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानित्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने जर्मनीत त्याची नोंदणीकृत पैदास सुरू केली. तिथे शेतांना कुंपण नसे, त्यामुळे पिकाच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालून मेंढरांना पिकात शिरू न देणे, म्हणजे चालते-फिरते कुंपण होणे, हे त्या कुत्र्याचे काम होते. आता फार्महाऊसच्या साखळीला बांधलेल्या अशा कुत्र्यासमोर सायकलवरून मुले गेली की तो फाटकाच्या कडेने वेड्यासारखा इकडून तिकडे धावतो. त्याला आपण तिखट कुत्रा म्हणतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. प्रत्यक्षात तो बिचारा नसलेल्या मेंढरांची हद्द राखत असतो.

मारून हे का सुटत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक घरांत पहिला उपाय तोच होतो. वळणाऱ्या कुत्र्याला धावून वळवण्यातच आनंद मिळतो. त्याला वेगळ्या बक्षिसाची गरज नसते. मूल एकदा त्याच्यामुळे थांबले की त्याची सवय एका गाठीने पक्की होते, आणि नंतर पडलेली काठी त्या आनंदापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती दुसरीच गोष्ट: मुले आली की आपल्याला मार बसतो, एवढा संबंध त्याच्या डोक्यात जुळतो. काल केवळ काम समजून मुलांमागे धावणारा कुत्रा काही महिन्यांनी मुलांना पाहूनच ताठ होऊ लागतो. त्यातही गुरगुरल्याबद्दल मारणे ही सर्वांत मोठी चूक आहे. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती मारून बंद केली, तर अस्वस्थता तशीच राहते आणि सूचना मात्र जाते. मग लोक म्हणतात, काही न करता एकदम चावला.

साखळीनेही काम भागत नाही. मुले दिवसभर डोळ्यांसमोर पळत आहेत आणि आपण चार हातांच्या साखळीत आहोत, या अवस्थेत कुत्र्याचा ताण साचत जातो आणि ज्या दिवशी खुंटा निघतो त्या दिवशी सगळा एकदम बाहेर पडतो. मुले खेळत असताना कुत्र्याला ती दिसणार नाहीत अशा ठिकाणी, कोठ्यात किंवा घरामागे ठेवणे, हे साखळीपेक्षा कितीतरी बरे. शिकवणे पूर्ण होईपर्यंत एवढी व्यवस्था तरी रोज पाळावी लागते, कारण जितक्या वेळा तो मुलांना वळवेल तितके आपले काम मागे जाईल.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. याला लागते एक जुने पोते, दहा-बारा हात लांब मऊ दोरी, शक्यतो छातीभोवती बसणारा पट्टा, आणि हरभऱ्याएवढे खाण्याचे तुकडे. कोरड्या भाकरीने काम होत असेल तर उत्तम. पण मुलांच्या धावण्याशी स्पर्धा करायची असेल तर उकडलेल्या अंड्याचा किंवा बिनमसाल्याच्या शिजवलेल्या मांसाचा तुकडा जास्त चालतो. रश्शातले तुकडे देऊ नयेत. कांदा कुत्र्याला बाधतो.

पहिला आठवडा मुलांशिवाय घालवावा. पोते ओसरीच्या एका कोपऱ्यात अंथरावे. कुत्र्याने त्यावर पाय ठेवला की काही न बोलता पोत्यावरच एक तुकडा टाकावा. तो बसला की दुसरा. तो खाली पडला, एका कुशीवर कलला, हनुवटी पंजांवर टेकवली, की थोडे थोडे थांबत आणखी. इथे माझ्याकडून चूक झाली होती, ती सांगतो. मी फक्त बसण्याला तुकडा देत होतो, त्यामुळे आमचा कुत्रा पोत्यावर लष्करी शिस्तीत ताठ बसे, कान उभे, मागचे पाय उडी घ्यायला तयार. ते बसणे होते, शांत होणे नव्हते. एका संध्याकाळी तो कंटाळून एका कुशीवर पडला आणि त्याने एक लांब श्वास सोडला, तेव्हा मी पहिल्यांदा पाच तुकडे एकामागून एक टाकले. त्या श्वासापासून आमचे खरे शिक्षण सुरू झाले असे मी मानतो. कुत्र्याच्या अंगाचा सैलपणा हेच आपले पीक आहे, आणि खतपाणी त्यालाच घालायचे.

दुसऱ्या टप्प्यात मुले येतात, पण लांबून. इथे सगळा खेळ अंतराचा आहे. प्रत्येक कुत्र्याचे एक अंतर असते की ज्यावर त्याला मुले दिसतात, तो त्यांच्याकडे पाहतो, पण तोंडापुढचा तुकडा सोडत नाही. तुकडा नाकाला लावूनही तो खात नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. तेव्हा समजावण्यात वेळ न घालवता मागे सरकावे. आमच्यासाठी हे अंतर सुरुवातीला अंगणाबाहेरच्या लिंबाच्या झाडापर्यंत, म्हणजे साठ-सत्तर पावलांचे होते. कुत्र्याची दोरी आपल्या हातात, पोते त्याच्याखाली, आणि घरातले दुसरे मोठे माणूस अंगणात मुलांसोबत. मूल चालू लागले, कुत्र्याने पाहिले, लगेच तुकडा. मूल थांबले, तुकडा बंद. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी मूल हलते, मग तुकडा येतो. पन्नास-साठ वेळा असे झाल्यावर मूल हलले की कुत्रा मुलाकडे पाहून स्वतःहून मान आपल्याकडे वळवतो, तुकडा कुठे आहे म्हणून. ही मान वळणे दिसेपर्यंत अंतर एक पाऊलही कमी करू नये.

मान वळू लागली की दर दोन-तीन दिवसांनी चार-पाच पावले पुढे यावे. अंतर कमी करताना मुलांचा वेग वाढवू नये, आणि वेग वाढवताना अंतर पुन्हा वाढवावे. चालणारे मूल, मग भरभर चालणारे, मग संथ पळणारे, मग ओरडत पळणारे आणि शेवटी पळता पळता पडणारे, अशा या पायऱ्या आहेत. पडणारे मूल सर्वांत अवघड, कारण कळपात पडलेले जनावर नेहमीच कुत्र्याचे लक्ष ओढते. एका वेळी दोन-तीन मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा दिवसांत हे काम सूर्य उगवण्यापूर्वी किंवा जमीन निवल्यावरच करावे, कारण भाजणाऱ्या पंजांनी आणि लोंबणाऱ्या जिभेने कोणीही शांतता शिकत नाही. आम्हाला पावसाळाभर लागला. पंधरा दिवसांत कुत्रा सुधारून देतो असे सांगणाऱ्यांपासून लांब राहावे.

याच्या जोडीने त्याला त्याचे काम द्यावे लागते, आणि हा भाग अनेक जण विसरतात. वळण्याची ओढ पुसून टाकता येत नाही, तिला जागा द्यावी लागते. घरी चार बकऱ्या असतील तर सकाळी त्यांच्यासोबत त्याला वावरात न्यावे, आणि तिथे बोलावल्यावर काम सोडून परत येण्याची सवय लावावी. बकऱ्यांमागून हाकेसरशी परत येणारा कुत्रा मुलांमागूनही येतो. मुलांमागून बोलावण्याचा सराव थेट मुलांवर करणे मात्र धोक्याचे. बकऱ्या नसतील तर शेताच्या धुऱ्याने लांबवर चालणे, गवतात लपवलेले तुकडे नाकाने शोधणे, एवढ्यानेही तो दमतो. चेंडू फेकून तासभर पळवणे मला पटत नाही, कारण त्याने पाठलागाचीच भूक वाढते. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत, घरात दोन वर्षांचे मूल आहे आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून बॉर्डर कॉली घ्यावीशी वाटते आहे, त्यांनी ती घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. एवढ्या दाट केसांच्या कुत्र्याला वऱ्हाडातला मे महिना आणि रिकामे अंगण या दोन्ही शिक्षा आहेत.

निम्मे शिक्षण मुलांचे असते. अगदी लहान मुलांना कुत्र्याचा चेहरा वाचता येत नाही. दात विचकलेल्या कुत्र्याचे चित्र पाहून तीन-चार वर्षांची अनेक मुले तो हसतो आहे असे सांगतात, असे संशोधकांना आढळले आहे. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांमध्ये तोंड, डोके आणि मान यांचे प्रमाण मोठे असते, कारण मुलाचे तोंड आणि कुत्र्याचे तोंड एकाच उंचीवर असते. म्हणून "जवळ जाऊ नको" एवढे सांगून पुरत नाही, काय करायचे ते सांगावे लागते. आम्ही मुलांना "झाड हो" हा खेळ शिकवला. कुत्रा मागे धावला की जागच्या जागी थांबायचे, हात अंगाशी म्हणजे फांद्या मिटलेल्या, नजर आपल्या पायांकडे म्हणजे मुळांकडे. थांबलेल्या मेंढीत वळणाऱ्या कुत्र्याला रस नसतो, थांबलेल्या मुलातही नसतो. हा खेळ आधी कुत्र्याशिवाय, मोठ्या माणसाने कुत्रा होऊन, खूप हसत खेळावा, म्हणजे खरी वेळ आल्यावर पाय आपोआप थांबतात. याखेरीज तो जेवताना, झोपलेला असताना आणि पोत्यावर असताना त्याला हात लावायचा नाही. पोते ही त्याची जागा. तिथे मुलांनी जायचे नाही, हा नियम कुत्र्यापेक्षा मुलांना पाळायला जड जातो. गळ्यात पडणे हे मुलांना प्रेम वाटते, पण बहुतेक कुत्र्यांना ती पकड वाटते.

आणि पाच-सहा वर्षांखालील मूल व कुत्रा यांना एकत्र कधीही एकटे सोडू नये, कुत्रा कितीही जुना आणि गुणी असला तरी. झोळीत झोपलेल्या बाळाजवळ तर नाहीच. हलणारी झोळी आणि आतून येणारा बारीक रडण्याचा आवाज कुत्र्याला काय वाटतो, याची खात्री आपण देऊ शकत नाही. सोबत बसणे म्हणजे मोबाइलमध्ये डोळे घालून बाजेवर बसणे नव्हे. कुत्र्याला नकोसे झाल्याच्या खुणा बारीक असतात: झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणे नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, मान दुसरीकडे वळवणे, डोळ्याच्या कडेला पांढरे दिसू लागणे, आणि सर्वांत गंभीर म्हणजे हलता हलता एकदम गोठून जाणे. जांभईलाच मुलाला दुसऱ्या खेळात वळवले तर गुरगुरण्यापर्यंत गोष्ट जात नाही.

कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला तर शिकवणे थांबवून आधी त्याचे अंग तपासावे. पावसाळ्यात कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरतात, कान दुखतो, गोचीडतापाने अंग मोडते, आणि अशा कुत्र्याच्या कानाला मुलाने हात लावला तर तो चावणारच. यात त्याच्या वळणाचा काही दोष नसतो. पिल्लू आणायचे असेल तर त्याच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोलाचा. या काळात ज्यांच्याशी चांगली ओळख होते ते आयुष्यभर आपले वाटतात, असे अमेरिकेतील संशोधक जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांतून १९६५ पर्यंत स्पष्ट झाले होते. त्या काळात मुलांच्या मांडीवर अंड्याचा तुकडा खाल्लेले पिल्लू पुढचे अर्धे काम वाचवते.

दात लागला आणि कातडी फुटली, मग ओरखडा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद यांपैकी काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. दंडात रेबीजची लस देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी मात्रा असतात, त्यातली एकही चुकवू नये, आणि जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यायच्या वेगळ्या इंजेक्शनविषयी स्वतःहून विचारावे. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा असताना रेबीजची लस, महिन्याभराने पुन्हा आणि नंतर दरवर्षी, हे पाळले तर पुष्कळ काळजी मिटते. तरीही कुत्रा घरचा आहे म्हणून दवाखाना टाळू नये. रक्त काढणारा चावा एकदा झाला असेल, तर पोते आणि तुकडे यांवर न थांबता पशुवैद्यकांना कुत्रा दाखवूनच पुढचे ठरवावे.

आमचा कुत्रा आता मुले खेळत असताना पोत्यावर पडून त्यांच्याकडे पाहतो. त्याची मान अजूनही त्यांच्या धावण्याबरोबर डावीकडून उजवीकडे फिरते, आणि फाटक उघडे राहिले तर तो उठून फाटकात जाऊन आडवा पडतो, कोणाला न शिवता. हे मी सोडवायचे ठरवले नाही. तान्ह्या पोळ्याला मात्र मी त्याची परीक्षा घेत नाही. त्या दिवशी गावातली सगळी पोरे सजवलेले लाकडी नंदी ओढत, ओरडत, एकमेकांना ढकलत घरोघर बोजाऱ्यासाठी, म्हणजे खाऊ-पैशांसाठी येतात, आणि इतका मोठा फुटलेला कळप पाहून शांत पडून राहण्याची अपेक्षा कोणत्याही वळणाऱ्या कुत्र्याकडून करणे मला न्यायाचे वाटत नाही. सकाळीच त्याला वावरातल्या खोपडीत नेतो, पोते सोबत नेतो, आणि घरचे एक माणूस संध्याकाळपर्यंत तिथे त्याच्याजवळ बसते.